डॅशकॅमला वीज कुठून द्यावी: सॉकेट की फ्यूज बॉक्स?

इलेक्ट्रिक गाडीत डॅशकॅम (पुढच्या काचेवर बसवून रस्ता टिपणारा कॅमेरा) घेतल्यावर बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. दोन्ही वाटांनी वीज येते ती १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतूनच, मोठ्या बॅटरीतून थेट नाही.

खर्च आणि खटपट पाहिली तर सॉकेट, म्हणजे गाडीतलं १२ व्होल्टचं चार्जर लावायचं भोक, सरस. प्लग लावा, वायर छताच्या कडेने दाबत आणा, झालं. फक्त काचेशेजारच्या खांबात एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागून न्या. पुढून नेली तर एअरबॅग उघडताना अडेल. मात्र बहुतेक गाड्यांत गाडी बंद झाली की सॉकेट बंद, म्हणजे पार्किंगमधलं रेकॉर्डिंग विसरा.

फ्यूज बॉक्समधून घ्यायचं तर तीन वायरींचं हार्डवायर किट (कॅमेरा थेट फ्यूज बॉक्सला जोडणारा संच) लागतं: एक कायम चालू फ्यूजला, दुसरी गाडीसोबत चालू-बंद होणाऱ्या फ्यूजला, तिसरी बॉडीच्या धातूला. रंगांवर विसंबू नका, मल्टिमीटरने तपासा. एअरबॅग, ब्रेकचे फ्यूज आणि उच्च व्होल्टेजच्या नारिंगी केबल यांना हात नको.

खरी मेख पार्किंग मोडमध्ये, म्हणजे उभ्या गाडीतल्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. कॅमेरा ०.३ अँपिअर घेतो असं धरलं तरी २४ तासांत ७.२ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा हा पाचवा हिस्सा. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. म्हणून लेड-ॲसिड बॅटरी असेल तर कटऑफ (ज्या व्होल्टेजला किट कॅमेऱ्याची वीज तोडतं तो) १२.२ व्होल्टच्या खाली ठेवू नका.

गाडी रात्री सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये असेल, तर सॉकेट पुरे. रस्त्यावर उभी राहत असेल आणि रोज चालत असेल, तर हार्डवायर. आठवडाभर गावी जाताना मात्र पार्किंग मोड बंद करूनच निघा.