पाणी पिण्याची आठवण देणारे ॲप : एका उन्हाळ्याचा हिशेब

मार्चअखेरच्या धांदलीत मला मुतखड्याचा त्रास झाला. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात पाच मिलिमीटरचा खडा दिसला आणि तो औषधांवर पडूनही गेला, पण डॉक्टरांनी बजावले की दिवसाला निदान अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी पोटात जायला हवे, म्हणजे नाशिकच्या उन्हाळ्यात तीन लिटर किंवा त्याहून थोडे अधिक. पतसंस्थांचे लेखापरीक्षण हा माझा व्यवसाय असल्याने मोजणे आणि नोंदणे अंगवळणी पडलेले आहे. तेव्हा 1 एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत पाणी पिण्याची आठवण करून देणारे एक ॲप मी नेमाने वापरले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण निळ्या थेंबाचे चिन्ह असलेली अशी कितीतरी ॲप प्ले स्टोअरवर आहेत आणि मी पाहिलेल्या तीन-चारांचा सांगाडा जवळपास एकच होता.

सुरुवातीला ॲपने वजन, उठण्याची वेळ आणि झोपण्याची वेळ एवढेच विचारले आणि माझ्या 68 किलो वजनाला 35 ने गुणून 2,380 मिलिलिटर हे रोजचे लक्ष्य ठरवून दिले. शेवटच्या ऐंशी मिलिलिटरांचा हा काटेकोरपणा पाहून मला हसू आले, कारण मुळात पाण्याची गरज इतकी नेमकी ठरत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2010 मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी 2 लिटर आणि पुरुषांसाठी अडीच लिटर हे पुरेसे प्रमाण सांगितले, तेही जेवणातून पोटात जाणारे पाणी धरून आणि हवा समशीतोष्ण असेल तर. ‘रोज आठ ग्लास’ या समजाचे मूळ ज्या अमेरिकी शिफारशीत शोधले जाते, त्या 1945 च्या शिफारशीतही अडीच लिटरांपैकी बराचसा भाग तयार अन्नातच असतो, असे वाक्य लगेच पुढे होते. ते वाक्य मागे पडले आणि आकडा तेवढा राहिला. वरण, आमटी, ताक आणि कलिंगड यांचे पाणी ॲप धरत नाही. ते लक्ष्य मी हाताने बदलून 3,000 केले आणि ही सोय विनामूल्य आहे, हे त्याच्या जमेच्या बाजूला लिहिते.

खरी तफावत भांड्यात निघाली. ॲपमधला ठरलेला ग्लास 250 मिलिलिटरांचा आहे आणि आमच्या घरी पाणी फुलपात्राने प्यायले जाते. पहिले चार दिवस मी प्रत्येक फुलपात्राला एक ग्लास टिपत गेले. पाचव्या दिवशी शंका आली म्हणून फुलपात्र स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून त्यात माठातले पाणी ओतले, तेव्हा काठोकाठ भरल्यावर 210 आणि आपण नेहमी भरतो त्या कडेखालच्या रेघेपर्यंत 170 ग्रॅम, म्हणजे तितकेच मिलिलिटर, भरले. आठ फुलपात्रांमागे ॲपमध्ये दोन लिटर जमा होत होते आणि पोटात 1,360 मिलिलिटरच जात होते; 640 मिलिलिटरांची ही खोटी जमा कोणत्याही किर्दीत खपली नसती. शिवाय आम्ही भांडे ओठाला न लावता वरून पितो, त्यात थोडे हनुवटीवर जाते ते वेगळेच. ॲपमध्ये आपले भांडे आपण नाव देऊन नोंदवता येते, म्हणून मी ‘फुलपात्र 170’ आणि ‘स्टीलची बाटली 750’ अशी दोन भांडी तयार केली आणि त्यानंतर आकडे विश्वासार्ह झाले. असे ॲप घेणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढे एक काम अवश्य करावे.

ॲपला मराठी येते असे वर्णनात लिहिले आहे. ते कोणत्या प्रकारचे मराठी आहे हे पहिल्याच सूचनेत कळले : ‘आता एक काच प्या.’ ग्लास या शब्दाचे यंत्राने असे भाषांतर केले असावे. चिरंजीवांनी ती सूचना कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्यापासून आमच्याकडे पाणी मागताना काचच मागितली जाते. पेयांच्या यादीत कॉफीचे पाच प्रकार आहेत, पण ताक, पन्हे आणि कोकम सरबत नाही. ती भर घालायची तर वर्षाला 499 रुपये भरावे लागतात. चहा मात्र यादीत आहे आणि तो अर्ध्याने मोजला जातो, जे योग्य नाही, कारण नेहमीच्या प्रमाणात घेतलेल्या चहातले बहुतेक पाणी शरीराला मिळते.

सूचना दर दीड तासाने याव्यात अशी रचना आहे, पण पहिल्या आठवड्यात त्या दुपारभर गप्प राहून संध्याकाळी मी फोन हातात घेतला की तीन-चार एकदम येत. दोष ॲपपेक्षा फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या व्यवस्थेचा होता. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरचे बॅटरीचे निर्बंध काढल्यावर त्या वेळेवर येऊ लागल्या. तरीही मी तेव्हा कोठे आहे हे घड्याळाला कळत नाही. द्वारका चौकात दुचाकीवर उभी असताना पर्समध्ये थेंब टपकल्याचा आवाज यायचा आणि त्याचा उपयोग शून्य.

आता मुख्य मुद्दा. एप्रिलअखेर मी महिन्याचा तासवार आलेख उघडला. ज्या दिवशी मी शरणपूर रोडवरच्या आमच्या कार्यालयात होते, त्या दिवशी रेघा दिवसभर सारख्या पसरलेल्या होत्या आणि बेरीज 2,800 च्या आसपास होती. ज्या दिवशी तपासणीसाठी सिन्नर, निफाड किंवा दिंडोरीकडे गेले होते, त्या दिवशी सकाळी साडेआठपासून संध्याकाळी सहापर्यंत एखाददुसरे फुलपात्र सोडले तर आलेख कोरा होता, आणि हे महिन्यातल्या अकरा दिवशी घडले होते. त्या अकरा दिवशीही सूचना येत होत्या आणि मी त्या वाचून बाजूला सारत होते. म्हणजे मी पाणी विसरत नव्हते. मी ते टाळत होते. तपासणीच्या काही ठिकाणी स्त्रियांसाठी स्वच्छतागृह नाही, काही ठिकाणी आहे पण कडी नाही, आणि एका ठिकाणी त्याची किल्ली शिपायाकडे असते, जी मागायला चारचौघांत उठावे लागते. फिरतीची नोकरी करणारी कोणतीही बाई याच हिशेबाने सकाळचा चहासुद्धा अर्धा कप घेऊन निघते. मीही वीस वर्षे तेच करत आले, पण त्याला सवय म्हणत होते. कारण म्हणून ते मला या आलेखाने दाखवले. ॲपची सगळी उभारणी माणूस विसरतो या गृहीतावर आहे, त्यामुळे सूचना नाकारल्यावर ते रडका थेंब दाखवते आणि कारण विचारत नाही. ‘सोय नव्हती’ असे एक बटण त्यात असते, तर ते सर्वांत जास्त दाबले गेले असते.

या कोऱ्या तासांची भरपाई रात्री करण्याची मुभा ॲप आनंदाने देते. एकदा रात्री दहा वाजता मी बाटलीचे बटण दोनदा दाबून, प्रत्यक्षात पाणी न पिताच, लक्ष्य पूर्ण करून पाहिले, तर पडद्यावर फटाके उडाले. पाणी खरोखर प्यायले असते तरी खड्याच्या दृष्टीने त्याचा लाभ थोडाच, कारण दिवसभर लघवी गडद राहिली की क्षार साठायला तोच वेळ पुरतो. वर झोपमोड होते ती वेगळी. मे महिन्यापासून मी फिरतीच्या दिवसांची आखणीच बदलली. निघण्याआधी तासभर दोन फुलपात्रे, वाटेत चांगले स्वच्छतागृह असलेल्या खात्रीच्या हॉटेलात थांबणे, तेथे पुन्हा दोन, आणि तपासणीचे पत्र पाठवतानाच स्वच्छतागृहाबद्दल सरळ विचारणे. या शेवटच्या गोष्टीला वीस वर्षे लागली याचे मलाच नवल वाटते. जूनमध्ये फिरतीच्या दिवसांची सरासरी 2,300 वर आली.

एक इशारा मात्र गंभीरपणे देते. मे महिन्यात सासूबाईंनी हौसेने हेच ॲप आपल्या फोनवर घालून मागितले. त्यांच्या हृदयाचे कार्य मंद असल्याने डॉक्टरांनी सर्व द्रवपदार्थ मिळून सव्वा लिटरची मर्यादा घालून दिलेली आहे. ॲपने त्यांच्याही वजनाला 35 ने गुणून 1,925 मिलिलिटरचे लक्ष्य दिले. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे का, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, असा एकही प्रश्न विचारला नाही. मी ते त्याच संध्याकाळी काढून टाकले.

ॲप स्थान विचारते, ते नाकारले तरी काही अडत नाही. प्रत्येक नोंदीनंतर जाहिरात येते आणि तिची फुली शोधण्यात फुलपात्र पिण्यापेक्षा जास्त वेळ जातो. पैसे भरण्याजोगे त्यात मला काही आढळले नाही. महिनाभर प्रामाणिकपणे नोंदी करून आपला दिवस कोठे कोरडा जातो हे पाहण्यासाठी ते उपयोगी आहे, आणि तेवढ्यासाठी मी पाचपैकी तीन तारे दिले. त्याबरोबर ‘सोय नव्हती’ या बटणाची सूचनाही लिहिली होती. दोन दिवसांनी कंपनीचे उत्तर आले की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, नियमित पाणी पीत राहा. सध्या दुपारी बारा आणि चार या दोनच सूचना चालू ठेवल्या आहेत, त्याही फक्त कार्यालयातल्या दिवसांसाठी.