निगेटिव्ह कॅमेऱ्याने स्कॅन करताना: आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी फ्लॅटबेड स्कॅनर बाजूला ठेवला आणि जुन्या निगेटिव्हचे कॅमेऱ्यानेच फोटो काढायला लागलो. खाली एलईडी पॅनेल, त्यावर फिल्म होल्डर, वर स्टँडला खाली तोंड करून लावलेला २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि १:१ मॅक्रो लेन्स (वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकारात उतरवणारी). ३५ मिमी फिल्मची फ्रेम २४ × ३६ मिमीची, म्हणजे सेन्सरएवढीच. त्यामुळे साधारण ४,२०० डीपीआय (फिल्मच्या दर इंचाला तेवढे ठिपके) मिळतात. एका रोलला पूर्वी अख्खी संध्याकाळ जायची, आता अर्धा तास पुरतो.

सुरुवातीला मधला भाग धारदार आणि एक कोपरा कायम मऊ यायचा. मी लेन्सला दोष देत बसलो. मग होल्डरच्या जागी छोटा आरसा ठेवला आणि लेन्सचं प्रतिबिंब स्क्रीनच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत कॅमेरा सरकवत राहिलो. कॅमेरा फिल्मला समांतर झाला आणि कोपरे तिथेच सुधारले. आता एफ/८ (लेन्सचं मध्यम छिद्र), खोलीत अंधार आणि सेल्फ टायमर, एवढंच पाळतो.

पॅनेल मात्र बदलावं लागलं. पहिल्यावर कृष्णधवल फिल्म ठीक यायची, पण रंगीत निगेटिव्हमध्ये चेहऱ्यांचा रंग काही केल्या जुळेना. ९५ च्या वर सीआरआय (प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) असलेलं घेतलं आणि निम्मी डोकेदुखी गेली. रंगीत निगेटिव्हची नारिंगी झाक काढायला फिल्मच्या कोऱ्या कडेवरून व्हाइट बॅलन्स घेतो आणि तिन्ही रंगांचे कर्व्ह (उजळपणाचे आलेख) वेगवेगळे उलटवतो.

धुळीला इलाज नाही. स्कॅनरमधली इन्फ्रारेड सफाई (इन्फ्रारेड प्रकाशाने धूळ ओळखून ती आपोआप पुसणं) इथे मिळत नाही (कृष्णधवल फिल्मवर तशीही ती चालत नाही, चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात). ब्लोअर मारायचा आणि उरलेले ठिपके हाताने पुसायचे.

आईचा खिडकीपाशी विणत बसलेला एक फोटो आमच्या अल्बममध्ये वर्षानुवर्षं आहे. प्रिंटमध्ये खिडकी पांढरीफटक. निगेटिव्हमध्ये तो भाग चांगलाच दाट दिसला, म्हणून दोन एक्सपोजर घेतली, एक चेहऱ्यासाठी, दुसरं जास्त वेळाचं खिडकीसाठी, आणि जोडली. बाहेर दोरीवर कपडे होते. त्यांच्यामागे सायकल धरून बाबा उभे होते, आईकडे बघत. कागदाला न झेपलेलं फिल्मवर शिल्लक असतं हे माहीत होतं, पण त्या रात्री मला पुढची फ्रेम लावता आली नाही.

दुसरा आनंद एका अर्धवट राहिलेल्या प्रयोगाचा. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६१ मध्ये दाखवलेल्या, तीन कृष्णधवल फोटोंतून रंगीत चित्र जुळवायच्या पद्धतीने मी कधीकाळी कृष्णधवल रोलवर लाल, हिरवा आणि निळा फिल्टर लावून एकाच अंगणाच्या तीन फ्रेम काढल्या होत्या. डार्करूममध्ये त्या कधी जुळल्याच नाहीत. आता तिन्ही फाइल एकेका रंगाच्या चॅनेलमध्ये टाकल्या, भिंतीच्या कडेवर जुळवल्या आणि रंग उभा राहिला. भिंत पिवळी, दार हिरवं, आणि मधे वाऱ्याने हललेल्या फांद्यांना लाल-निळ्या कडा.