एअर प्युरिफायर घेताय? जुन्या वाड्यात राहत असाल तर आधी छत मोजा

मशीन चांगलं आहे, पण खोक्यावरच्या स्क्वेअर फुटावर विसंबून घेऊ नका, आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या उंच छतांच्या जुन्या घरांत राहणाऱ्यांनी तर अजिबातच नाही. "४०० स्क्वेअर फूट" हा आठ-नऊ फुटी छताच्या फ्लॅटचा हिशेब असतो. आमची खोली १५ बाय १४ फूट पण छत १४ फूट उंच, म्हणजे हवा झाली ८३ घनमीटर, आणि मशीनचा सीएडीआर (मशीन किती स्वच्छ हवा देतं तो आकडा) ताशी ३०० घनमीटर, म्हणजे फुल स्पीडवर ठेवलं तरी तासाला जेमतेम साडेतीन वेळा हवा गाळली जाते, दम्याच्या मुलासाठी पाच तरी हवी. स्लीप मोडवर तर फारच कमी. आम्ही झोपायच्या तासभर आधी दारं लावून फुलवर सोडतो, मग मधल्या स्पीडवर, आवाज येतो पण पोरीला सवय झाली.

धाकटी पाच वर्षांची, दमा आहे. दिवाळीच्या आगेमागे जवळच्या डबरा-भितरवारकडे धान (भात) निघालं की शेतात उरलेली पराली, म्हणजे भाताचा पेंढा, पेटते, एप्रिलात गव्हाची नरवाई, म्हणजे गव्हाची खुंटं. थंडीत धूर वर जातच नाही, त्यात गाड्या, धूळ, शेकोटीत जळणारा कचरा. २०१६ च्या डब्ल्यूएचओच्या यादीत पीएम २.५ (हवेतले अतिसूक्ष्म कण) मध्ये ग्वाल्हेर जगात दुसरं होतं हो! लहान मुलांच्या श्वासनळ्या अरुंद आणि वजनाच्या मानाने ती हवा जास्त ओढतात, म्हणून त्रास आधी त्यांना.

बाहेर पीएम २.५ घनमीटरला २०० मायक्रोग्रॅमच्या वर असताना खोलीत आकडा ४० च्या खाली येतो. आपली २४ तासांची सरकारी मर्यादा ६० आहे, डब्ल्यूएचओची १५, त्यामुळे ४० बघून निर्धास्त होऊ नका. रात्रीचा खोकला बराच कमी झालाय, पण स्पेसरने (तोंडाला लावायची नळी) रोजचा इनहेलर पंप चालूच आहे, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देणार नाही आणि मशीन आलं म्हणून कोणी पंप बंद करू नका प्लीज.

तक्रार दोन गोष्टींची. हेपा फिल्टर कण धरतो, गॅस नाही, आणि यातला कार्बनचा थर इतका पातळ की जळका वास राहतोच. शिवाय परालीच्या दिवसांत फिल्टर लवकर भरतो आणि नवा स्वस्त नाही, तो खर्च धरूनच बजेट करा. खोलीत उदबत्ती, मच्छर कॉइल लावत असाल तर आधी ते बंद करा, सासूबाईंनी धूप अंगणात नेला तेव्हाच आकडा खरा खाली आला.

पाचपैकी साडेतीन स्टार. उंच छत असेल तर एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम मशीन घ्या, सीएडीआर बघून.