जुना सीक्वेन्सर, नवा लॅपटॉप: आठ महिने वापरल्यानंतर

ठाण्याच्या नौपाड्यात माझा सुगम संगीताचा वर्ग आहे. मुलांच्या सरावाचे ठेके, लेहरे (तालाच्या आवर्तनाबरोबर फिरत राहणारी हार्मोनियमची धून), भजनी मंडळाचे ट्रॅक हे सगळं मी वर्षानुवर्षं एकाच सीक्वेन्सरवर, म्हणजे सूर-ठेके नोंदवून वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, करत आले. सॉफ्टवेअर २००४ सालचं, विंडोज एक्सपीच्या काळातलं. नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या पिढीतल्या बऱ्याच सॉफ्टवेअरना हेच त्रास आहेत. गेल्या पावसाळ्यात जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याने बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "ताई, हा बोर्ड आता कुठेच मिळायचा नाही." हार्ड डिस्क मात्र शाबूत होती आणि तिच्यावर माझी २१७ प्रोजेक्टं. म्हणून तेच सॉफ्टवेअर ६४ बिटच्या विंडोज १० लॅपटॉपवर चढवलं आणि गेले आठ महिने रोज वापरतेय.

पहिली अडचण सीडी घातल्याबरोबर आली. सॉफ्टवेअर ३२ बिटचं आहे, ते चालतं. पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काहीच उघडत नाही. शेवटी जुन्या डिस्कवरचा अख्खा फोल्डर कॉपी केला, विंडोज सेटिंग ठेवतं त्या रजिस्ट्रीतल्या नोंदी आणल्या, तेव्हा ते सुरू झालं.

दुसऱ्याच महिन्यात माझे सगळे प्रीसेट, म्हणजे तयार करून ठेवलेले ठेके, गायब झाले. दादरा, केहरवा, भजनी ठेक्याच्या तीन लयी, सगळं. आदल्या दिवशी एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी सुचवलं होतं की ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, कमी अडेल. मी तसं केलं आणि यादी कोरी! दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. मग उलगडा झाला. जुनी सॉफ्टवेअर आपल्या सेटिंग प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्येच लिहितात. व्हिस्टापासून विंडोज तिथे लिहू देत नाही, पण तसं सांगतही नाही. ती फाइल गुपचूप युजरच्या 'व्हर्च्युअलस्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलं की सॉफ्टवेअर खऱ्या फोल्डरमध्ये बघतं आणि तिथे काहीच नसतं. माझे प्रीसेट व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुखरूप होते. आता अख्खं सॉफ्टवेअर सी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलंय, त्यानंतर एकदाही असं झालं नाही.

याहून मनाला लागलेली गोष्ट म्हणजे देवनागरी. नव्या लॅपटॉपवर मी हौसेने फाइलींची नावं मराठीत केली होती: 'देस त्रिताल', 'भैरवी दादरा'. सीक्वेन्सरमध्ये त्याच फाइलींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसतात आणि क्लिक केलं की फाइल सापडत नाही. सॉफ्टवेअर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीच्या, आधीचं आहे. रशियन किंवा जपानी माणूस रीजन सेटिंग बदलून यातून सुटतो, कारण त्या लिप्यांसाठी विंडोजमध्ये जुनी कोड पेज, म्हणजे अक्षरांचे तक्ते, आहेत. देवनागरीसाठी तसं पेजच नाही, त्यामुळे ते सेटिंग बदलून आपल्याला काहीच मिळत नाही. आपल्याच रागाचं नाव आपल्याच लिपीत लिहिता येऊ नये, याचं वाईट वाटतं. विंडोजमधलं युजरचं नावसुद्धा रोमनमध्येच ठेवा, नाहीतर टेम्पररी फोल्डर सापडत नाही आणि सॉफ्टवेअर उघडतानाच बंद पडतं.

हार्डवेअरमध्ये सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ केबलने खाल्ला. माझ्या वाजवायच्या कीबोर्डला यूएसबी नाही, फक्त पाच पिनांचं मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणक जोडायची जोडणी, आहे. जुन्या पीसीत तो साउंड कार्डच्या १५ पिनांच्या जॉयस्टिक पोर्टला लागायचा. नव्या मशीनवर तो पोर्ट नाही आणि व्हिस्टापासून विंडोजनेही त्याला सोडलं. आधी एक स्वस्त यूएसबी केबल घेतली. सूर व्यवस्थित जात होते, म्हणून महिनाभर मी निर्धास्त होते. पण कीबोर्डचं सेटिंग साठवणारा मोठा संदेश, सिस्टिम एक्सक्लुझिव्ह, पाठवला की कीबोर्डवर चेकसमची (संदेश पूर्ण आला का हे तपासणाऱ्या बेरजेची) चूक दिसायची. मिडीचा वेग १९८३ पासून सेकंदाला ३१,२५० बिट आहे. एक सूर म्हणजे तीन बाइट, तेवढे ही केबल पोचवते. हजारो बाइटांचा संदेश तिच्या इवल्याशा मेमरीत मावत नाही आणि मध्येच तुटतो. शिवाय मिडीच्या इनपुटला ऑप्टो-आयसोलेटर, म्हणजे दोन उपकरणांची वीज एकमेकांत मिसळू न देणारा भाग, लागतो, तो बऱ्याच स्वस्त केबलींत नसतो. माझ्याकडे लॅपटॉप चार्जरला लावला की तानपुऱ्याखाली घुं घुं ऐकू यायचं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून चौपट पैसे देऊन चांगला इंटरफेस आणला, दोन्ही त्रास त्याच दिवशी गेले. तो रोज एकाच यूएसबी पोर्टला लावावा लागतो. पोर्ट बदलला की सीक्वेन्सर ओळख विसरतो आणि आवाज बंद. म्हणून त्या पोर्टशेजारी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय.

आवाज तडतडण्याचं कारण वायफाय निघालं. त्याचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवतो. वायफाय बंद ठेवून असिओ या आवाजाच्या जलद ड्रायव्हरवर २५६ सँपलचा बफर (आवाजाचा छोटा साठा) चालतो, म्हणजे सेकंदाला ४४,१०० सँपलच्या दराने साधारण ६ मिलिसेकंदांचा उशीर. गाणाऱ्याला तेवढं जाणवत नाही.

सॉफ्टवेअरचा स्वतःचा एक दोष मात्र एक्सपीपासून आहे. सात मात्रांचा लूप लावला की शेवटच्या सुराचा नोट-ऑफ, म्हणजे सूर थांबवायचा संदेश, हरवतो. त्रितालात, दादऱ्यात कधी होत नाही. सात मात्रांच्या रूपक तालाच्या लेहऱ्यात हार्मोनियमचा सातव्या मात्रेचा सूर पुढच्या आवर्तनात तसाच वाजत राहतो, आणि नेमका पहिल्या 'ती' या बोलावर, जिथे तालाची 'खाली' (बायाच्या घुमाऱ्याशिवायची मात्रा) मोकळी ऐकू यायला हवी, तिथे तो कानात बसतो. सीक्वेन्सरमध्ये एका मात्रेचे ४८० बारीक भाग, म्हणजे टिक, असतात. शेवटचा सूर १० टिक आधी तोडला की लूप स्वच्छ होतो. प्रत्येक लेहऱ्यात हे हाताने करावं लागतं.

एवढं सगळं करूनही मी ते वापरते, कारण ठेका भरायला इतकं चपळ दुसरं काही मला सापडलेलं नाही. माउसला हात न लावता मी त्यात तीनताल लिहिते. पण नव्याने कुणी घेऊ नये, असं स्पष्ट सांगेन. ज्यांची जुनी प्रोजेक्टं अशा सॉफ्टवेअरमध्ये अडकलीत त्यांनी मशीन चालू असेपर्यंत प्रत्येक प्रोजेक्ट फॉरमॅट १ च्या मिडी फाइलमध्ये काढून घ्यावा. त्यात ट्रॅक वेगवेगळे राहतात. प्लगइनची (आवाज घडवणाऱ्या जोड-सॉफ्टवेअरची) सेटिंग येत नाहीत, ती वहीत लिहून ठेवावी लागतात. माझे २१७ पैकी १८० झाले. उरलेले बहुतेक रूपकाचेच आहेत. रोज रात्री क्लास सुटला की दोन-तीन करते, शेवटच्या सुराचे १० टिक तोडून.