झेडओडीबी : जिनिंगच्या काट्यावर तीन हंगाम

पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगात मी काट्यावर बसतो. पावतीचं सॉफ्टवेअर पायथनमध्ये मीच लिहिलं अन् डेटा ठेवायला झेडओडीबी घेतला, म्हणजे पायथनचे ऑब्जेक्ट जसेच्या तसे साठवणारा डेटाबेस. फुकट आहे, वेबसाईट चालवायचं प्लोन हे सॉफ्टवेअर याच्यावरच चालतं, आणि टेबलं पाडायची कटकट नाही. पावती नावाचा क्लास, त्यात शेतकरी, गाव, भरलेलं वजन, रिकामं वजन. कमिट मारला, म्हणजे बदल पक्का केला, की झालं. पहिला हंगाम मी हवेतच होतो.

दुसऱ्या हंगामात सेठ म्हणाले, पावतीवर ओलावा पाहिजे. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 8 टक्क्यांच्या वर भाव कापते आणि 12 च्या वर माल घेत नाही, मग आपल्याकडंही नोंद हवी. मी क्लासच्या इनिटमध्ये, म्हणजे नवी पावती बनताना चालणाऱ्या भागात, ओलावा टाकला. नव्या पावत्या झकास. जुनी उघडली की एरर, म्हणे ओलावा नावाचं काही नाहीच. डेटाबेसमधून ऑब्जेक्ट येतो तेव्हा इनिट चालतच नाही, साठवलेलं जसंच्या तसं भरलं जातं, हे मला तेव्हा कळलं.

उपाय एका ओळीचा आहे, क्लासवरच डीफॉल्ट ठेवायचा. मी शहाण्यासारखा शून्य ठेवला. एरर गेली. आठ दिवसांनी मुनीमजींनी दोन्ही हंगामांची सरासरी काढली तर साडेचार टक्के. "काऊन बे, मागच्या सालचा कापूस काय चुलीवर भाजून आणला होता का लोकायनं?" शून्याच्या जागी नन, म्हणजे 'नोंदच नाही', टाकला, सरासरीतून ननवाल्या पावत्या वगळल्या, तेव्हा हिशेब बसला.

खरा घाम फुटला तो फाईल नीटनेटकी करताना. पावतीचा क्लास मी वेगळ्या फाईलमध्ये हलवला. झेडओडीबी प्रत्येक ऑब्जेक्टसोबत मॉड्यूलचं आणि क्लासचं नाव लिहून ठेवतो, त्यामुळे जुन्या सगळ्या पावत्या 'ब्रोकन' दिसायला लागल्या. डेटा कुठं गेला नव्हता, पण ते समजेपर्यंत जेवण गेलं नाही. जुन्या फाईलमध्ये नव्या क्लासकडं बोट दाखवणारी एक इंपोर्टची ओळ ठेवली, काम भागलं. झेडओडीबीअपडेट नावाचं हत्यार डेटातलीच नावं बदलून देतं, ते मी हंगाम संपल्यावर चालवलं.

कटतीची, म्हणजे कपातीची, यादी पायथनच्या साध्या लिस्टमध्ये ठेवली, ही माझीच चूक. साध्या लिस्टमध्ये काही जोडलं तर झेडओडीबीला पत्ता लागत नाही. लाईन गेली, मशीन परत चालू झाली, पावती होती अन् कटती गायब. शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर मात्र होती, म्हणून वाचलो. बदलाची खबर झेडओडीबीला देणारी पर्सिस्टंट लिस्ट वापरा बाप्पा, पहिल्या दिवसापासून.

लाईनच्या बाबतीत एरवी मात्र मानलं याला. फाईलमध्ये सगळं शेवटी जोडत जातो, जुन्यावर लिहीत नाही. लाईन मधेच गेली तर अर्धवट कमिट पुढच्या वेळी उघडताना कापून टाकतो, त्याच्या आधीचं शाबूत. पण याच स्वभावामुळं फाईल फुगते. सगळ्या पावत्यांत बदल केला की प्रत्येकीची नवी प्रत शेवटी जोडली जाते, मग पॅक करावं लागतं, म्हणजे जुन्या प्रती काढून टाकाव्या लागतात. पॅकच्या आधी पेन ड्राईव्हवर कॉपी घ्या.

गावनिहाय यादी आयती मिळत नाही, त्यासाठी बी-ट्री, म्हणजे शोधायची सूची, स्वतः बांधून सांभाळावी लागते. अन् फाईल एका वेळी एकाच प्रोग्रामला लिहिण्यासाठी उघडता येते. मी दुसऱ्या विंडोत काही तपासायला गेलो की लॉकची एरर. दुसरा काटा बसला की एकच डेटा अनेक प्रोग्रामांना देणारा झिओ सर्व्हर लावावाच लागेल.

पाचपैकी साडेतीन. अर्धा लाईनमुळं वाढवला.

या हंगामात मुनीमजींना पावतीवर 'बंडी की ट्रॅक्टर' पाहिजे आहे. क्लासवर ओळ टाकली, नन.