पॅराव्ह्यू: रिझल्ट पाहायला उत्तम, मॅपिंग मात्र तपासून घ्या

वाळूज-शेंद्र्याच्या छोट्या व्हेंडरला ब्रॅकेट, हाउसिंगचं ताण-तापमानाचं ॲनालिसिस स्वतः करायचं असेल, तर कॅल्क्युलिक्सवर (गणित सोडवणारं सॉफ्टवेअर) सॉल्व्ह करून रिझल्ट पॅराव्ह्यूत (चित्ररूपात दाखवणारं सॉफ्टवेअर) पाहणं हा अगदी भरवशाचा मार्ग आहे. दोन्ही मोफत. कॅल्क्युलिक्सची रिझल्टची एफआरडी फाइल पॅराव्ह्यू थेट उघडत नाही. सीसीएक्स-टू-पॅराव्ह्यू या टूलने ती पॅराव्ह्यूला चालणाऱ्या व्हीटीयू फॉरमॅटमध्ये बदलून घ्यायची. पाहण्यासाठी पाचपैकी साडेचार, मॅपिंगसाठी, म्हणजे एका मेशवरचे (भागाच्या छोट्या तुकड्यांच्या जाळीवरचे) आकडे दुसऱ्या मेशवर नेण्यासाठी, साडेतीन.

गुण कापायचं कारण 'रीसॅम्पल विथ डेटासेट' हा फिल्टर. थर्मल मेशवरचं तापमान स्ट्रक्चरल मेशवर आणायला तो वापरतात. वक्र पृष्ठभागावर दोन मेश तंतोतंत जुळत नाहीत, काही नोड (मेशचे बिंदू) सोर्सच्या, म्हणजे थर्मल मेशच्या, किंचित बाहेर पडतात, आणि अशा नोडला पॅराव्ह्यू मुकाट्याने 0 देऊन टाकतो. सायलेन्सरजवळच्या ब्रॅकेटवर सगळीकडे 120 अंश आणि मधेच एक नोड 0! पोलादाची ताठरता 210 गिगापास्कल आणि प्रसरण प्रति अंश 12 मायक्रोस्ट्रेन (लांबीचे दशलक्षांश) धरले, तर दोन्ही टोकांना पूर्ण अडकलेल्या दांड्यात 100 अंशांच्या फरकाने 252 मेगापास्कल ताण येतो. म्हणजे खोटा हॉटस्पॉट किती मोठा दिसेल बघा. म्हणून मॅपिंग झाल्या झाल्या 'व्हीटीके व्हॅलिड पॉइंट मास्क'वर (नोडला खरा आकडा मिळाला तर 1, नाही तर 0) थ्रेशोल्ड लावून 0 वाले नोड वेगळे काढून पाहा. 'कॉम्प्यूट टॉलरन्स'ची खूण काढून टॉलरन्स (किती बाहेरचा नोड चालेल ते अंतर) हाताने थोडा वाढवला की बहुतेक नोड आत येतात. त्याआधी दोन्ही मेश मिलिमीटरमध्येच आहेत ना, हे बघा.

तापमान परत कॅल्क्युलिक्सला देताना नोड क्रमांक सांभाळा. पॅराव्ह्यूचे पॉइंट आयडी 0 पासून, कॅल्क्युलिक्सचे 1 पासून, शिवाय मधले क्रमांक गाळलेलेही असतात. कोऑर्डिनेटवरून जुळवणं सुरक्षित.

स्ट्रेस मॅप करायचा तर त्याचे सहाही दिशांचे कंपोनंट न्या आणि मिझेस (सहा मिळून येणारा एकच, कायम धन आकडा) नंतर पॅराव्ह्यूच्या कॅल्क्युलेटर फिल्टरने काढा. बेंडिंगमध्ये एका बाजूला +100, दुसऱ्या बाजूला −100 असेल तर मध्यावर कंपोनंटची सरासरी 0 येते, जी बरोबर आहे. मिझेसचीच सरासरी घेतली तर तिथेही 100 दिसतात.

रिॲक्शन फोर्सची (आधारांवर येणाऱ्या बलांची) बेरीज 'इंटिग्रेट व्हेरिएबल्स'ने करू नका, तो पृष्ठभागावर क्षेत्रफळाने गुणतो. स्प्रेडशीट व्ह्यूमधून सीएसव्ही काढून एक्सेलमध्ये बेरीज करा आणि लावलेल्या लोडशी ताळा घ्या. दोन डिझाइनची तुलना दाखवताना कलर रेंज कस्टम ठेवा, क्लिअरन्स दाखवताना वॉर्पचा (वाकलेला आकार दाखवणाऱ्या फिल्टरचा) स्केल 1, म्हणजे खरा आकार दिसेल.