कोणता अली? हेवीवेट विजेत्यांना भिडवणारा गेम सात महिने खेळल्यानंतर

सात महिन्यांपूर्वी हा बॉक्सिंगचा गेम घेतला तेव्हा पहिल्याच रात्री अली विरुद्ध टायसन लावली. टायसन चौथ्या फेरीत जिंकला. पुन्हा लावली, तर अली गुणांवर जिंकला. तिसऱ्यांदाही अलीच. झोपताना वाटलं, पैसे पाण्यात गेले. असा निकाल तर नाणं उडवूनही लावता आला असता. आज मात्र माझं मत पार बदललंय. ते कसं बदललं, तेच सांगतो.

आधी गेमबद्दल थोडंसं. यात बटणं दाबून ठोसे मारायचे नाहीत. दोन बॉक्सर निवडायचे, लढतीच्या अटी ठरवायच्या, फेऱ्यांच्या मधे कोपऱ्यातून सूचना द्यायच्या आणि ओळीओळीने येणारं वर्णन वाचत बसायचं. चित्रं जेमतेम आहेत. ज्यांना घाम आणि रक्त पडद्यावर बघायचंय त्यांनी या वाटेला जाऊ नये.

पहिल्या रात्री माझं चुकलं ते असं, की मी नुसता ‘अली’ निवडला. गेममध्ये एकाच माणसाच्या तीन-चार नोंदी असतात. नोव्हेंबर 1966 मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा अली वेगळा आणि ऑक्टोबर 1974 मध्ये किन्शासात दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर झेलणारा अली वेगळा. मधली साडेतीन वर्षं त्याला रिंगबाहेर काढावी लागली. परतला तेव्हा पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते, पण मार खाऊन उभं राहायची ताकद जगाला दिसली ती त्यानंतरच. तरुण अली सहसा कोणाच्या हातीच लागत नसे, मग तो किती सोसू शकला असता हे कशावरून ठरवायचं? गेमने त्याला नंतरच्या अलीची सहनशक्ती आणि आधीच्या अलीचे पाय असं दोन्ही दिलंय. मला ते पटत नाही. पण या गोष्टीवर मी दोन आठवडे विचार करत होतो, आणि त्याचं श्रेय गेमलाच.

एक गोष्ट मात्र गेमने अचूक पकडलीय. अलीला लेफ्ट हुक, म्हणजे बाजूने वळून येणारा डावा ठोसा, लागतो. 1963 मध्ये हेन्री कूपरने त्याला लेफ्ट हुकनेच पाडलं होतं आणि 1971 मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर पंधराव्या फेरीत फ्रेझरनेही. हात खाली ठेवून डोकं सरळ मागे घेण्याची त्याची सवयच होती. माझ्याकडच्या लढतींत अली पडतो तेव्हा बहुतेक वेळा कारण तेच असतं, मग समोर डेम्प्सी असो, टायसन असो की फ्रेझर.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवतो तो अटींच्या पानावर. तिथे फेऱ्या 15 की 12, ग्लोव्ह्ज किती औंसांचे, प्रतिस्पर्धी पडल्यावर तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा नियम लागू की नाही, हे सगळं ठरवता येतं. वरवर किरकोळ वाटतं. पण 1941 ची जो लुईस–बिली कॉन लढत आठवा. बारा फेऱ्यांनंतर कॉन गुणांवर पुढे होता आणि तेराव्या फेरीत लुईसने त्याला झोपवलं. 1952 मध्ये फिलाडेल्फियात मार्सियानोही वॉलकॉटच्या मागेच होता. त्यानेही तेराव्या फेरीतच, एका उजव्या ठोशात, विजेतेपद खेचून आणलं. आजच्या बारा फेऱ्यांच्या हिशेबाने लुईसचं विजेतेपद त्या रात्री गेलं असतं आणि मार्सियानोची 49-0 ही बिनपराभवाची कारकीर्द झालीच नसती. म्हणून ‘मार्सियानो आज टिकला असता का’ असं कोणी विचारलं, की मी आधी विचारतो, फेऱ्या किती?

डेम्प्सीचंही तसंच. 1919 मध्ये टोलेडोत त्याने आपल्यापेक्षा जवळपास 58 पौंडांनी जड असलेल्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. पण विलर्ड उठत असताना तो शेजारीच उभा राहू शकत होता. तटस्थ कोपऱ्याचा नियम चालू केला की माझ्याकडचा डेम्प्सी निम्मा होतो.

आता वजन. मार्सियानो 185 पौंडांच्या आसपास लढायचा, म्हणजे आजच्या हिशेबाने क्रूझरवेट, हेवीवेटच्या खालचा गट. त्याच्यासमोर 6 फूट 5 इंचांचा लेनॉक्स लुईस उभा केला, की आकडे बघूनच पोटात गोळा येतो. गेममध्ये ‘आजच्या काळात वाढला असता तर’ असा एक पर्याय आहे. तो जुन्या बॉक्सरचं वजन 25-30 पौंडांनी वाढवतो. मी तो बंदच ठेवतो. 215 पौंडांचा मार्सियानो हा मार्सियानो नव्हेच. त्याचा अफाट दमसास त्या हलक्या अंगातूनच येत होता. उलट गेम उंचीला आणि वजनाला जरा जास्तच मान देतो, अशी माझी तक्रार आहे. उसिक क्रूझरवेटमधून वर आला आणि मे 2024 मध्ये रियाधमध्ये त्याने 6 फूट 9 इंचांच्या फ्युरीला गुणांवर हरवलं. गेममध्ये हा निकाल क्वचितच लागतो.

माझी सगळ्यात आवडती लढत म्हणजे 1938 चा जो लुईस विरुद्ध 1973 चा फोरमन. हा फोरमन म्हणजे किंग्स्टनमध्ये फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडणारा फोरमन. एका रात्री दुसऱ्या फेरीत लुईस पडला. आठ मोजेपर्यंत एका गुडघ्यावर होता. मी कोपऱ्यातून ‘अंगाशी भीड’ अशी सूचना दिली, कारण फोरमनचे ठोसे लांबून, वळसा घेऊन येतात आणि लुईसचा ठोसा वीतभर अंतरातून सुटतो. चौथ्या फेरीत फोरमनने उजवा हात फिरवायला मागे नेला, आणि तेवढ्यात लुईसचा आखूड उजवा त्याच्या जबड्यावर बसला. सहाव्या फेरीत फोरमन उठला नाही. मी खुर्चीतून उभा राहिलो होतो! खऱ्या आयुष्यातही लुईस असाच होता. 1937 मध्ये ब्रॅडॉकने त्याला पाडलं, 1939 मध्ये गॅलेंटोने पाडलं आणि दोन्ही वेळा उठून तो नॉकआउटने जिंकला.

त्रुटीही सांगतो. वर्णनातली वाक्यं महिन्याभरात पाठ होतात. चौथ्या महिन्यात एका अपडेटनंतर माझी 64 जणांची अख्खी स्पर्धा पुसली गेली. बनवणाऱ्यांना लिहिलं, तर तीन आठवड्यांनी ‘क्षमस्व’ एवढंच उत्तर आलं. जॅक जॉन्सनवर तर सरळ अन्याय झालाय. समोरच्याचे दंड पकडून, ठोसा सुटायच्या आधीच अडवून, त्याला मिठीत दमवायचं ही त्याची कला होती. गेममधला रेफरी 1910 च्या नियमांतही मिठी लगेच सोडवतो. मग उरतो तो फक्त चांगला बचाव असलेला एक बॉक्सर.

इतिहासात डोकावलं तर हा छंद जुनाच आहे. 1967 मध्ये संगणकाच्या मदतीने रेडिओवर अशीच स्पर्धा झाली, त्यात अली जुन्या काळच्या जेफ्रीज या विजेत्याकडून हरला आणि भडकला. मग 1969 मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना समोरासमोर उभं करून लढतीचं चित्रीकरण केलं गेलं, वेगवेगळ्या शेवटांसह. अमेरिकेत दाखवलेल्या आवृत्तीत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. तो शेवट पाहायला तो स्वतः नव्हता. ऑगस्ट 1969 मध्ये विमान अपघातात तो गेला होता.

मला सर्वांत खुपणारी उणीव अशी, की गेमला आठवण नाही. 1936 मध्ये श्मेलिंगने लुईसच्या लढतींच्या फिल्म पाहून हेरलं होतं की जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारल्यावर लुईसचा डावा हात खाली येतो. त्याच फटीतून उजवा मारत त्याने बाराव्या फेरीत लुईसला संपवलं. लुईस त्यातून शिकला आणि 1938 च्या परतीच्या लढतीत श्मेलिंग 124 सेकंदांत आडवा झाला. गेममध्ये मात्र तेच दोघं शंभर वेळा भिडले तरी शंभरावी लढत पहिल्यासारखीच सुरू होते. मी आता ते काम स्वतः करतो. शेजारी वही असते. कोण कोणत्या ठोशाने पडला ते लिहितो आणि पुढच्या वेळी कोपऱ्यातून तीच सूचना देतो. काल श्मेलिंगला सांगितलं, ‘जॅबनंतर उजवा’. अकराव्या फेरीपर्यंत काहीच घडलं नाही. बाराव्यात लुईस पडला.